भांडायला माणूस मिळेना

नवराबायकोच्या प्रवासात तिसरा माणूस लागतोच. बरोबर न्यायला नव्हे, शिव्या द्यायला. आपल्याकडे त्याची ददात नाही. मीटर बंद पडलेला रिक्षावाला असतो, ‘गाडी आत्ताच गेली’ असं प्रसन्न चेहऱ्यानं सांगणारा कंट्रोलर असतो, खिडकीची जागा बळकावून लगेच घोरायला लागणारे काका असतात. दिवसभर दोघांनी मिळून ह्यांचा उद्धार केला की रात्री एकमेकांचा उद्धार करायला जोर उरत नाही. कित्येक संसार ह्या मंडळींच्या पुण्याईवर टिकून आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

जपानमध्ये सेतोच्या समुद्रातल्या बेटांवर ही मंडळी नाहीत. तिथे जोडप्यानं सायकलवरून हिंडायचं म्हणजे जबाबदारीचं काम आहे.

होन्शूवरच्या ओनोमिची गावापासून शिकोकूवरच्या इमाबारी शहरापर्यंत, मधली सहा बेटं पुलांनी जोडत जाणारा सुमारे 70 किलोमीटरचा सायकलरस्ता आहे. त्याचं नाव शिमानामी काइदो. 1979 मध्ये पहिला पूल झाला, 1999 मध्ये शेवटचे झाले आणि तेव्हापासून जगभरचे सायकलवाले ह्या रस्त्याचं नाव भक्तिभावानं घेतात. तयारीचा गडी सकाळी निघून दुपारी पलीकडे पोचतो. आमची तयारीही नव्हती आणि घाईही नव्हती, त्यामुळे आम्ही बेटाबेटावर मुक्काम करत गेलो.

सायकली भाड्यानं मिळतात. एका टोकाला घ्यायची, दुसऱ्या टोकाला परत करायची. नवरा कित्येक महिने यूट्यूबवर सायकली बघत होता, त्यामुळे चालवण्याचं काम जवळजवळ उरकलंय अशी त्याची समजूत होती. त्यानं वाकड्या दांड्याची, बारीक टायरांची, पिसासारखी हलकी सायकल घेतली. मी घेतली ती जपानी आया पोरांना शाळेत सोडायला आणि येताना कांद्याची पात आणायला वापरतात तसली, पुढे बास्केट आणि मागे कॅरिअर असलेली. त्याच्या सायकलला पिशवी अडकवायला जागाच नव्हती. त्यामुळे त्याचा कॅमेरा, त्याचा रेनकोट, त्याची जादा ट्यूब आणि ‘लागला तर असू दे’ असा त्याचा पंप, हे सगळं माझ्या बास्केटमध्ये आलं. हलक्या सायकलीचं रहस्य मला तेव्हा कळलं.

सायकलवरच्या संसारात मुख्य प्रश्न पुढे कोण हा असतो. पुढच्याला वाटतं मागचा रेंगाळतोय, मागच्याला वाटतं पुढचा पळतोय आणि आपण मात्र माणसात शोभेल अशाच वेगानं चाललोय ह्याबद्दल दोघांनाही शंका नसते. शेजारी शेजारी चालवणं जपानच्या कायद्यात बसत नाही. दोघांनी मिळून एकच जोडसायकल चालवावी, तर तिच्यावर जपानच्या बऱ्याच प्रांतांत वर्षानुवर्षं बंदी होती. एहिमे प्रांतानं, म्हणजे ह्या रस्त्याच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागानं, ती बरीच आधी उठवली. टोकियोनं 2023 मध्ये उठवली. सरकारी कारण रहदारीच्या सुरक्षेचं होतं. घरातल्या सुरक्षेचा विचार झाला असावा असा मला संशय आहे.

तेव्हा एकापुढे एक जायचं आणि समोरच्या पाठीशी बोलायचं. ‘जरा थांबतोस का?’ असं मी ओरडले की वाऱ्यावरून उत्तर यायचं, ‘हो, दिसला!’ काय दिसला ते संध्याकाळी कळायचं. एकदा बगळा होता, एकदा डोंगर.

रस्ता चुकणं हा आमच्या घरचा हुकमी विषय. त्यावर आम्ही महाबळेश्वरपासून मडगावपर्यंत कुठेही, पूर्वतयारीशिवाय भांडू शकतो. इथे रस्त्याच्या डाव्या कडेला सबंध वाटभर निळी रेघ मारून ठेवलेली आहे. तिच्यावर ठरावीक अंतरानं ‘इमाबारी इतके किलोमीटर’ असं लिहिलेलं. वाहतूकही आपल्यासारखी डावीकडूनच. नवऱ्यानं तरीही फोनवर नकाशा लावून आवाज मोठा ठेवला होता. फोनमधली बाई सांगायची सरळ जा. रेघही सरळ जायची. ‘मी मघाशीच म्हटलं होतं’ हे वाक्य, ज्याच्या आधारावर मी संसारात इथवर आले, ते सबंध रस्त्यात एकदाही उपयोगात आलं नाही.

पुलांवरच्या चढांकडून मला थोडी आशा होती. खालून मोठी जहाजं जातात म्हणून पूल अतोनात उंच आहेत, म्हणजे चढून जाणं आलंच. पण सायकलींसाठी संत्र्या-लिंबांच्या बागांमधून वळणं घेत जाणारा वेगळा रस्ता काढलाय आणि त्याचा चढ साधारण 3 टक्क्यांच्या आसपास राखलाय. हा आकडा काढणारा इंजिनिअर विवाहित असावा. चढ आहे हे मांड्यांना कळतं, पण ‘तुझ्या हट्टापायी इथे आले’ असं म्हणावं इतका तो नाही.

एका ठिकाणी रस्ता खणलेला दिसला. मी उत्साहानं सायकलवरून उतरले. तिथल्या फलकावर हेल्मेट घातलेला चित्रातला कामगार कमरेत वाकून गैरसोयीबद्दल माफी मागत होता. फलकाशेजारी गणवेशातले खरेखुरे आजोबा लाल दांडा घेऊन उभे होते, तेही वाकले. मग आम्ही वाकलो. आम्ही वाकलो म्हणून ते पुन्हा वाकले. मागून आलेला सायकलवाला कारण न विचारता वाकला. ह्यातून भांडण उभं करायला फार मोठी प्रतिभा लागते.

मुळात ह्या बेटांवर माणसंच थोडी. तरुण मंडळी शहरांत गेली, म्हातारी मंडळी बागांत, आणि बरीच घरं कुलूप लावून उभी. 2018 च्या एप्रिलमध्ये इमाबारीच्या तुरुंगातून एक कैदी पळाला आणि मुकाइशिमा ह्या पहिल्याच बेटावर येऊन लपला. हजारो पोलीस बेट पिंजून काढत होते आणि हा गृहस्थ रिकाम्या घरात मुक्काम ठोकून. शेवटी तो खाडी पोहून पलीकडे गेला आणि महिनाअखेर हिरोशिमात सापडला. इतक्या पोलिसांना जिथे हवा तो माणूस भेटला नाही, तिथे आम्हाला भांडायला कोण भेटणार?

पुढच्या इन्नोशिमा बेटावर मात्र एके काळी सोय होती. ह्या पट्ट्यात मुराकामी नावाच्या समुद्री घराण्याचं राज्य होतं. बाहेरचे त्यांना चाचे म्हणत, ते स्वतःला समुद्राचे राखणदार समजत. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून ते पैसे घेत आणि बदल्यात आपलं निशाण देत. ते फडकवलं की पुढची वाट निर्धास्त. नवरा अलिबागचा. त्याची मान ताबडतोब ताठ झाली. ‘आमच्या कान्होजी आंग्र्यांचं दस्तक काय वेगळं होतं? इंग्रज त्यांनाही चाचाच म्हणायचे,’ असं तो म्हणाला, आणि ह्या बाबतीत त्याचं बरोबर असल्यामुळे मला गप्प बसावं लागलं. आता मुराकामींचं काम हायवेचा टोलनाका करतो. मोटारींना टोल आहे. सायकलींना पूर्वी थोडा होता, 2014 पासून तोही माफ. टोलनाका समोर आणि हुज्जत घालायला विषय नाही, ही वेळ मराठी माणसावर येऊ नये.

इकुचिजिमा हे बेट लिंबांचं. तिथे रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, एक लाकडी फळी होती. फळीवर जाळीच्या पिशव्यांत पिवळीधमक लिंबं, खाली खिळ्यानं ठोकलेला पत्र्याचा डबा, डब्याला चीर आणि पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेलं: 100 येन. माणूस नाही. कुत्रंसुद्धा नाही.

माझ्या माहेरी भाव न करता भाजी घेणं हा भाजीचा अपमान समजतात. मी सवयीनं म्हटलं, ‘ऐंशीला द्या.’ फळी काही बोलली नाही. ‘नव्वद. दोन घेते.’ तरी नाही. एवढा ठाम विक्रेता मी दादरला पाहिला नाही. मग मी ‘नको मग, राहू दे’ म्हणून चार पावलं चालत गेले. ह्या चार पावलांवर मंडईत हमखास हाक येते. आली नाही. परत यावं लागलं. पिशव्या चाचपून त्यातली जड निवडली, डब्यात शंभराचं नाणं टाकलं. त्याचा तळाशी जाऊन पडल्याचा स्पष्ट आवाज आला. दिवसभर मला फसवल्यासारखं वाटत राहिलं आणि कुणी फसवलं ते सांगता येईना.

‘डब्यात पैसे न टाकता नेली असती तर?’ नवऱ्यानं विचारलं.

‘मग भाव कशाचा केला असता?’ मी म्हटलं.

ह्याच बेटावर सेतोदा गावात कोसांजी नावाचं देऊळ आहे. नळ्यांच्या धंद्यात पैसा केलेल्या एका कारखानदारानं आई वारल्यावर संन्यास घेतला आणि 1936 पासून तिच्या स्मरणार्थ हे बांधायला घेतलं. बांधकाम तीसेक वर्षं चाललं. जपानभरच्या नामांकित देवळांमधलं जे जे आवडलं त्याची प्रतिकृती त्यानं इथे उभी केली. निक्कोचं रंगीबेरंगी महाद्वार आहे, ब्योदोइनचा मंडप आहे, जमिनीखाली बुद्धमूर्तींनी भरलेलं भुयार आहे आणि भुयाराच्या सुरुवातीला नरकाचे देखावेही आहेत. नवरा गहिवरला. ‘आईसाठी एवढं!’ म्हणाला. मी नरकाचे देखावे बघत होते. बायकोच्या स्मरणार्थ काय बांधलं ह्याची चौकशी करावी असं मनात आलं, पण त्यासाठी आधी वारावं लागतं हे लक्षात आल्यावर विषय सोडला.

मुक्काम घरगुती खानावळींत. मालकीणबाई दारात गुडघे टेकून स्वागत करतात. आपण वहाणा काढून आतल्या सपाता घालायच्या, संडासाच्या दारात त्या काढून संडासाच्या घालायच्या आणि बाहेर येताना आठवणीनं पुन्हा बदलायच्या. नवरा संडासाच्या सपाता घालून जेवायला आला, तेव्हा सगळं घर आपल्याकडे लक्ष नसल्याचं दाखवण्यात गढून गेलं.

मी शाकाहारी. जपानी गृहिणीला मासे न खाणं कळतं. माशाचं पाणीही न चालणं कळायला वेळ लागतो, कारण तिच्या लेखी ते पाणी म्हणजे पाणीच. मी भाजलेलं वांगं मागितलं. आलं. सुरेख, साल काढलेलं, वाफाळतं. वर लाकूड रंधल्यावर निघतात तसले गुलाबी पापुद्रे पसरलेले, आणि ते सगळे माना वेळावत होते.

‘हे हलतंय,’ मी म्हटलं.

‘वाफेनं,’ नवरा म्हणाला. ‘सुकवलेला मासा आहे. मेलेला आहे.’

‘त्याला सांगितलंय का?’

वांगं त्यानं खाल्लं, पाठोपाठ त्याच्या वाटणीचा ताई माशाचा भातही खाल्ला. मी भात आणि लोणचं. आता तरी सकाळी तक्रार करावी म्हणून मी रात्री फोनमध्ये जपानी वाक्यं जमवून ठेवली. सकाळी मालकीणबाईंनी माझ्यासमोर वेगळं सूप ठेवलं. फक्त समुद्री शेवाळाच्या पट्ट्या रात्रभर भिजवून केलेलं. वर आदल्या रात्रीबद्दल त्यांनीच माफी मागितली. जमवलेली वाक्यं पुसून टाकली. शिवाय निघताना त्यांनी बास्केटमध्ये संत्री भरली, पैसे घेईनात.

संत्र्यांची सालं हा पुढचा प्रश्न. ह्या बेटांवर कचऱ्याचा डबा दिसत नाही. कचराही दिसत नाही. शीतपेयांची यंत्रं मात्र जिथे माणूस नाही तिथेही उभी असतात, निळ्या पट्टीखाली थंड, लाल पट्टीखाली गरम. त्यांच्याशेजारी रिकाम्या बाटल्यांची पेटी असते, पण तिचं तोंड मुद्दाम बाटलीएवढंच. तेव्हा सालं बास्केटमध्ये. एका बेटावर खाल्लेलं दुसऱ्या बेटावर न्यायचं, तिसऱ्या बेटावर मुक्काम आला की सोडवायचं. संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या कर्ण्यांतून गाण्याची धून वाजते. मुलांनो, घरी जा, असा तिचा अर्थ. रस्त्यावर मूल एकही नसायचं. आम्ही दोघं मात्र मुकाट्यानं घरी जायचो.

तातारा पुलावर पहिल्यांदा कुणीतरी उलट उत्तर दिलं. हा पूल 1999 मध्ये झाला तेव्हा तारांनी तोललेल्या पुलांत त्याचा 890 मीटरचा मधला गाळा जगात सर्वांत लांब होता. त्याच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून टाळी वाजवली की आवाज दोन भिंतींमध्ये आपटत थरथरत वर चढत जातो. त्यासाठी लाकडी टिपऱ्याही टांगून ठेवल्यात. नवऱ्यानं एक टाळी वाजवली. पुलानं त्याला बऱ्याच ऐकवल्या. मला पूल आवडला.

पुलाच्या पलीकडे ओमिशिमा. तिथलं ओयामाझुमी देवस्थान जुन्या योद्ध्यांचं लाडकं. लढाई जिंकली की ते आपली चिलखतं, तलवारी इथे वाहत. त्यामुळे देशातल्या नावाजलेल्या चिलखतांचा फार मोठा साठा ह्या छोट्या बेटावर आहे. त्यातलं एक छातीला रुंद आणि कमरेत आवळलेलं. ते बाईसाठी केलेलं होतं, त्सुरुहिमे नावाच्या शूर मुलीचं, असं सांगतात. नवऱ्यानं तलवारी बघितल्या, मी ते चिलखत बघितलं. एवढं घालून तिला कुणाचा पंप वाहावा लागला नसेल.

पण मला जे हवं होतं ते आवारात होतं. तिथे एक आखाडा आहे. भाताची लावणी आणि कापणी ह्यांच्याशी जोडलेल्या दोन सणांना तिथे सुमो कुस्ती होते आणि त्या कुस्तीत पैलवान एकच असतो. समोर भाताचा देव. तो दिसत नाही. पंच असतो, रीतसर सलामी होते, पैलवान न दिसणाऱ्या अंगाला भिडतो, रेटतो, रेटला जातो, तोल जाऊन पडतो. तीन डाव. दोन देवानं जिंकायचे, एक पैलवानानं. देव जिंकला की पीक चांगलं येतं. आम्ही गेलो तेव्हा सण नव्हता. आखाडा झाडून ठेवलेला होता.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आपल्या सगळ्या प्रवासाचा हिशेब कुणीतरी आधीच करून ठेवलाय असं वाटलं. रिकाम्या फळीशी भाव केला, पाठीशी बोलले, फलकाला नमस्कार केला. समोर कुणी नसलं तरी माणसाला भिडावंसं वाटतं, हे ह्या लोकांना पूर्वीच समजलेलं. आणि त्यांचा हिशेब पक्का आहे. तिन्ही डाव हरायचे तर कुस्ती कशाला? तिन्ही जिंकायचे तर पीक बुडतं. एक जिंकावा, दोन सोडावेत, आणि पडावं ते अंग झोकून पडावं, लुटुपुटूचं नव्हे. मी नवऱ्याकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता. आपण त्यातले पैलवान आहोत ह्याबद्दल दोघांचीही खात्री होती.

त्यापुढचं हाकाताजिमा बेट मिठासाठी प्रसिद्ध. त्या मिठाचं आइस्क्रीम मिळतं, ते खाऊन आम्ही ओशिमाला लागलो आणि शेवटच्या पुलावर आलो. कुरुशिमाचा हा पूल म्हणजे एकाला एक लागून तीन झुलते पूल, मिळून सुमारे चार किलोमीटर. वारा समोरून. एरवी पुढे असणारा नवरा बारीक टायरांसकट माझ्या मागे आला. बास्केटमधल्या वजनामुळे माझी सायकल हलत नव्हती. पंपाचा उपयोग झाला तो असा.

पुलाखालची सामुद्रधुनी जपानमधल्या खट्याळ समुद्रांपैकी. भरती-ओहोटीबरोबर प्रवाह दिवसातून साधारण चारदा दिशा बदलतो, आणि वेग असा की जहाजाचं सुकाणू ऐकेनासं होतं. म्हणून इथे जहाजांनी कुठल्या वाटेनं जायचं हे कायमचं ठरवून दिलेलंच नाही. ज्याला प्रवाहाची साथ आहे त्यानं मधल्या वाटेनं जायचं, जो प्रवाहाविरुद्ध चाललाय त्यानं पश्चिमेकडच्या वाटेनं. प्रवाह फिरला की वाटाही फिरल्या. सकाळी ज्याचं बरोबर होतं त्याचंच दुपारी चुकतं आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोलत नाही. हे कळावं म्हणून किनाऱ्यावर विजेचे मोठाले फलक आहेत. प्रवाह उत्तरेकडे की दक्षिणेकडे ह्याचं एक अक्षर, वेगाचा आकडा, आणि एक बाण. बाण वर असला तर जोर वाढतोय, खाली असला तर ओसरतोय. त्यानुसार ज्यानं त्यानं आपलं जहाज हाकावं.

आम्ही कठड्याशी सायकली टेकवून त्यातला एक फलक बघत राहिलो.

‘असा एक आपल्या घरी पाहिजे,’ नवरा म्हणाला.

‘कुणाच्या प्रवाहाचा?’ मी विचारलं.

आणि तिथे, समुद्रापासून पासष्ट मीटर उंचीवर, कुणाही तिसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय आमचं भांडण जुंपलं. फलकावर कुणाचं अक्षर लावायचं, आकडा कितीपर्यंत ठेवायचा, सासूबाई आल्या की बाण कुठे, इथपासून ते पंप कुणी वाहिला इथपर्यंत सगळं निघालं. उताराला शब्द ऐकू येत होते, कारण आम्ही दोघंही वेग कमी ठेवून होतो. इमाबारीत सायकली परत करताना दोघंही घामाघूम आणि अत्यंत ताजेतवाने होतो. दुकानातल्या मुलीनं वाकून, काही अडचण आली का, असं विचारलं. आम्ही एका आवाजात म्हटलं, काहीच नाही.

फलक फ्रिजवर लावायचं ठरलंय. अक्षर त्याचं राहील, आकडा दोघांच्या विचारानं. बाण मी फिरवणार.